कोंबडीला जागा किती? उत्तर रात्री शोधावे

परसबागेतील कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास विचारला जातो : एका कोंबडीला किती चौरस फूट जागा लागते? गादी पद्धतीत प्रौढ, अंड्यावरील कोंबडीस साधारणतः २ चौरस फूट जागा धरावी, असे आपण सांगतो. त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो. ‘आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात, त्यांना एवढी जागा कशाला?’ मग तडजोड म्हणून १ चौरस फुटावर एकमत होते आणि विषय संपतो. माझ्या मते तो तेथेच सुरू व्हायला हवा.

मी कीटकशास्त्राचा अभ्यासक. कोंबड्यांच्या जागेविषयी मी लिहावे याचे कारण खुराड्याच्या फटींत आहे. काही काळापूर्वी बेंगळुरूच्या उत्तरेकडील एका शेतकऱ्याने मला बोलावले. कोंबड्या मलूल, तुरे फिकट, अंडी घटलेली. खाद्य बदलून, औषधे देऊनही फरक नव्हता. दुपारी एकेक कोंबडी पिसे उलटून पाहिली. काही सापडले नाही. रात्री नऊ वाजता विजेरी घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा बसण्याच्या बांबूच्या पेरांवर आणि कोंबड्यांच्या पायांवर तांबडे ठिपके चालत होते. तो कोंबड्यांवरील तांबडा कोळी, म्हणजे डर्मानिसस गॅलिनी होता. पिकावरील लाल कोळी निराळा.

हा कोळी रात्री रक्त पितो आणि दिवसा फटींत दडतो. अनुकूल हवामानात त्याची पिढी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते, आणि अन्नावाचून तो कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे खुराडे पंधरवडाभर रिकामे ठेवून त्याचा नायनाट होत नाही. कोंबड्यांची गोचीड, अर्गस पर्सिकस, हीदेखील रात्रीचीच भक्षक. ती स्पायरोकीटोसिस या रोगाचा प्रसारही करते. दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी दहा-बारा तास कोठे असते, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. पूर्वी झाडावर बसणाऱ्या गावठी कोंबडीखाली विष्ठा साचत नसे. मुंगूस, रानमांजर यांच्यापासून वाचविण्यासाठी आपण तिला आत घेतले; ते योग्यच झाले. मात्र त्याबरोबर दाटी, ओल आणि फटीही आल्या.

राज्याच्या योजनेतील २५ तलंगा व ३ नर हा गट आपल्या परिचयाचा आहे. या २८ पक्ष्यांना २ चौरस फुटांप्रमाणे ५६ चौरस फूट, म्हणजे ८ बाय ७ फुटांचे खुराडे लागते. १ चौरस फूट धरल्यास क्षेत्र निम्मे होते, पण विष्ठा तेवढीच राहते. तूस लवकर ओले होते, अमोनियाचा वास येतो आणि ओल्या विष्ठेत माश्यांची पैदास होते.

तथापि केवळ क्षेत्रफळ पुरेसे नाही. युरोपीय महासंघाच्या नियमांत पिंजराविरहित पद्धतीसाठी प्रति चौरस मीटर ९ कोंबड्यांची मर्यादा आहे. म्हणजे एकीला सुमारे १.२ चौरस फूट. हा आकडा आपल्याहून कमी दिसतो. परंतु त्यासोबत प्रत्येकीस १५ सेंटिमीटर दांडी आणि एक-तृतीयांश जमिनीवर तूस बंधनकारक आहे. आपण आकडा तेवढा उचलतो आणि अटी विसरतो.

हेब्बाळ येथे विकसित झालेली गिरिराजा आज अनेक परसांत दिसते. ती गावठीपेक्षा बरीच जड असते. अशा पक्ष्यांना दांडीवर २० ते २५ सेंटिमीटर जागा आणि जमिनीपासून दीड-दोन फूट एवढीच उंची द्यावी. वरील खुराड्यात ८ फुटांच्या ३ दांड्या एकाच उंचीवर बसविल्या, तर २८ पक्षी भांडण न करता बसतात. दांड्या काढता येतील अशा, गुळगुळीत आणि भिंतीला न टेकणाऱ्या असाव्यात. भेगाळलेल्या भिंती लिंपून घ्याव्यात. बाहेर कोरडी माती व राख यांचा एक खड्डा असावा. धूळस्नानाने उवा आटोक्यात राहतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. कोळी दिसताच पिकासाठी आणलेले कीटकनाशक खुराड्यात फवारण्याचा मोह होतो. २०१७ मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममध्ये याच तांबड्या कोळ्यासाठी फिप्रोनिलचा बेकायदेशीर वापर झाला. अंश अंड्यांत उतरले आणि लक्षावधी अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. फिप्रोनिल आपल्या भात व ऊस उत्पादकांच्या घरात असते. कोंबड्यांसाठी औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे.

५६ चौरस फुटांचे खुराडे सर्वांना परवडणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय पक्षी कमी करण्याचा आहे. ३० चौरस फुटांत १५ निरोगी कोंबड्या ठेवणे २८ रक्तक्षीण कोंबड्यांपेक्षा हिताचे. गट वाटपापूर्वी विस्तार कार्यकर्त्याने खुराडे मोजावे, दांडीची लांबी नोंदवावी, आणि वाटपानंतर महिन्याभरात एकदा रात्री विजेरी घेऊन भेट द्यावी. दांडीखाली पांढरा कागद धरून ती ठोकली, की कोळी असल्यास खाली पडतात. या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत.

ती न झाल्यास काय होते, हे आपण पाहतो. अंडी घटतात, मरतुक वाढते, आणि घरची बाई ‘हा धंदा आपल्याला लाभत नाही’ म्हणून उरलेल्या कोंबड्या विकून टाकते. दोष तिच्या नशिबाचा किंवा जातीचा नसतो. कोंबड्या झोपल्यावर खुराड्यात डोकावायला आपण कोणी गेलेलो नसतो.