माडीवरची लिपी आणि प्लगइनचा हिशेब

संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. एडिटर कोणता चांगला, आणि त्यात कोणते प्लगइन घालावेत? आपल्या मराठी-कोंकणी वादासारखाच हा वादही मिटायचे नाव घेत नाही. मी कला शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी सरकारी कचेरीत कारकून. यात तोंड घालण्याचा माझा अधिकार तो काय? पण त्या वादात लिपीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि लिपी हा तर आपल्या जिव्हाळ्याचा विषय. म्हणून हे टिपण.

प्रथम थोडी ओळख करून देतो. ईमॅक्स आणि व्हिम हे दोन जुने टेक्स्ट एडिटर. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये लोकांच्या हाती दिला; ब्राम मोलेनार यांचा व्हिम १९९१ मध्ये आला. दोन्हींचा स्रोत खुला आहे, ज्याला हवे त्याने आपल्या सोयीने बदल करून घ्यावेत. प्लगइन म्हणजे अशा एडिटरला जोडलेली पुरवणी. प्रोग्राम लिहिताना चूक झाली की ती खाली रेघ मारून दाखवते, अर्धा शब्द टंकला की उरलेला सुचवते. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक संगणकभाषेची वेगळी पुरवणी लागायची. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' जाहीर केला आणि हे चित्र पालटले. भाषा जाणणारा सर्व्हर एका बाजूला, एडिटर दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनी कोणत्या बोलीत बोलायचे ते ठरलेले.

ईमॅक्समध्ये ही बोली बोलणारी दोन मुख्य प्लगइन आहेत. 'एलएसपी-मोड' हे लग्नघरच्या पानासारखे; चटण्या, कोशिंबिरी, सगळे वाढलेले. बाजूच्या पट्ट्या, चित्रे, सूचनांच्या चौकटी, आणि त्यासाठी इतर अनेक पुरवण्यांचा आधार. 'एग्लॉट' हे २०१८ मधले, जुआंव तावोरा या पोर्तुगीज प्रोग्रामरने लिहिलेले. ते नवे फारसे काही आणत नाही; ईमॅक्समध्ये आधीच असलेल्या सोयी वापरून भागवते. जुलै २०२३ मध्ये ईमॅक्सची २९वी आवृत्ती आली तेव्हा एग्लॉट मूळ ईमॅक्सचाच भाग झाले. त्याच आवृत्तीत मोडी लिपी टंकण्याची सोयही आली, हे मोडीप्रेमींपैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे!

पायथन शिकणारा माझा भाचा म्हणतो, ''मामा, ज्यात जास्त सोयी ते चांगले, सरळ हिशेब.'' हा हिशेब अपुरा आहे असे माझे मत आहे. का, ते सांगायला थोडे दूर, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात जावे लागेल.

पैनगंगेच्या एका काठाला आपला यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. तिथे तेलुगूबरोबर मराठी ऐकू येते आणि गोंडीही. या जिल्ह्यातील नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गोंड वस्तीचे गाव आहे. हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे सुमारे डझनभर हस्तलिखिते मिळाली, गोंडीच्या स्वतंत्र लिपीत लिहिलेली. ती वाचू शकणारे मोजके वृद्धच गावात उरले होते. देवनागरीचा 'कखगघ' तिथे चालत नाही. व्यंजनांचा क्रम 'य'पासून सुरू होतो. २०१४ मध्ये या लिपीचा संगणकीय टंक लोकांसमोर आला आणि २०१८ मध्ये युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत 'गुंजाला गोंडी' दाखल झाली. एका खेड्यातल्या बाडांतील अक्षरांना जगभरच्या संगणकांत हक्काची जागा मिळाली.

पण जागा मिळाली ती कुठे? युनिकोडच्या तळमजल्यावर ६५,५३६ घरे आहेत. देवनागरी, तेलुगू, रोमी या लिपी तिथे राहतात. उशिरा आलेल्यांना वरची माडी मिळाली. गुंजाला गोंडी माडीवर, २०१४ मध्ये आलेली आपली मोडीही माडीवरच.

आता प्लगइनकडे परत येऊ. सर्व्हर एडिटरला सांगतो, ''अमुक ओळीत अमुक क्रमांकाच्या जागी चूक आहे.'' हा क्रमांक मोजायचा कसा? प्रोटोकॉलने ठरवलेल्या मापात तळमजल्यावरचे चिन्ह एक धरतात, माडीवरचे दोन. (२०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून दोन्ही बाजूंना आपसात दुसरे माप ठरवण्याची मुभा मिळाली, पण मूळ माप हेच.) समजा, प्रोग्राममधल्या एका ओळीत पाच चिन्हांचा गोंडी शब्द आहे. प्लगइनने ती पाचच मोजली आणि सर्व्हरने दहा, तर त्या ओळीतील पुढचा सगळा हिशेब पाच घरे सरकतो. चुकीची रेघ भलत्याच शब्दाखाली येते. दुरुस्ती भलत्याच जागी जाऊन बसते. देवनागरीत आपल्याला हे कधी जाणवत नाही, कारण आपण तळमजल्यावर राहतो.

एग्लॉट ही मोजणी नियमाप्रमाणे करते. एलएसपी-मोड मात्र ती साध्या अक्षरसंख्येने करत होते, आणि ही गोष्ट २०२३ च्या सुरुवातीला चर्चेत आली. कशामुळे? एका इमोजीमुळे! बहुतेक इमोजीसुद्धा माडीवरच राहतात. इमोजी टाकला आणि सर्व्हर कोसळला, तेव्हा बोलबाला झाला. गोंडीची नोंद २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी मातृभाषा म्हणून केली आहे, पण गुंजालाच्या लिपीत प्रोग्रामची टीप लिहिणारे पोर अजून या मंडळींच्या दृष्टीस पडलेले नाही. लहान भाषेची अडचण मोठ्यांच्या गमतीच्या पाठीवर बसून दुरुस्त होते, हे मला बोचते.

मग मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड घ्यावा का? मोजणीत तो चुकत नाही, कारण प्रोटोकॉलचे मापच त्याच्या मापावर बेतलेले आहे. त्याचा मूळ स्रोतही खुला आहे. पण मायक्रोसॉफ्ट जो तयार एडिटर वाटते त्याचा परवाना निराळा. पायथनसाठी तिथे जे 'पायलान्स' प्लगइन सुचवले जाते ते फुकट असले तरी खुले नाही. मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांबाहेर ते वापरण्याची परवानगीच नाही. त्याच्या पोटात असलेले 'पायराइट' तेवढे खुले आहे, आणि ते एग्लॉटबरोबरही चालते. फुकट आणि मुक्त यांतला फरक कचेरीतल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. युनिकोडपूर्वीच्या, एखाद्या कंपनीच्या खाजगी टंकात उतरवलेले जुने मराठी कागद आज उघडून पाहा. अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसतो. मजकूर आपला, किल्ली दुसऱ्याकडे.

आपल्या खाजन शेतीत बांध कोण राखतो यावर सगळे अवलंबून असे. पीक किती आले हा नंतरचा प्रश्न. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि पीक राहतच नाही. म्हणून गावकरी मिळून बांध बांधत, मानशीची दारे सांभाळत. प्लगइनची तुलना मी याच मापाने करीन. त्याचा बांध कोण राखतो? फुटला तर मला हात लावता येतो का? माडीवरच्या माणसालाही ते मोजते का? सोयींची यादी त्यानंतर.

या मापाने पाहता मी एग्लॉटच्या बाजूने आहे. सोयी कमी आहेत, हे मान्य. पण ते मूळ ईमॅक्सबरोबर राखले जाते, आणि ईमॅक्समध्ये नवी लिपी टंकण्याची पद्धत म्हणजे एक साधी फाइल असते. डावीकडे रोमी कळा, उजवीकडे अक्षरे. गुंजालाचा एखादा शिक्षक कुणाची परवानगी न मागता ती लिहू शकतो.

आणि आपण? आपल्या पूर्वजांनी कागदपत्रे लिहिली ती गोंयकानडी, म्हणजेच कंदेवी, २०२५ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १७व्या आवृत्तीतही नाही. तिला तळमजलाही नाही आणि माडीही नाही. देवनागरी की रोमी यावर आपण सभा भरवतो, वृत्तपत्रांचे रकाने भरतो. त्यातला चतुर्थांश उत्साह कंदेवीची अक्षरे नीट गोळा करून प्रस्ताव पाठवण्यात घालवला असता, तर आदिलाबादमधल्या एका खेड्याने करून दाखवले ते गोव्याला अवघड नव्हते.