विसाव्यापुरता रस्ता

प्रति,
मा. सह पोलीस आयुक्त (वाहतूक),
बृहन्मुंबई

महोदय,


माहुलच्या गावठाणात जन्मलेला आणि सत्तरी ओलांडल्यावरही त्याच गावठाणात राहणारा एक मनुष्य आपणांस हे पत्र लिहीत आहे. आपल्या दफ्तरी रोज जे अर्ज आणि ज्या तक्रारी दाखल होत असतील, त्यांत जिवंत माणसांच्या गैरसोयीचाच मजकूर बहुधा असावयाचा. हे पत्र मृताच्या वाटेविषयी आहे, आणि मृतास स्वतः अर्ज करता येत नाही म्हणून त्याच्या वतीने तो मी करीत आहे, एवढीच त्यातली माझी मुखत्यारी.

मागल्या पावसाळ्यात आमच्या आळीतील एका वृद्धेस आम्ही खांद्यावरून नेत होतो. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन हिंडलेली ती बाई. तिला शववाहिकेतून न नेता खांद्यावरूनच न्यावे अशी तिच्या मुलांची इच्छा होती, आणि पाऊस नुकताच उघडला असल्यामुळे आम्हा सर्वांनाही ते योग्य वाटले. थोरला मुलगा विस्तवाचे मडके शिंकाळ्यात धरून पुढे, त्याच्यामागे तिरडी, आणि तिच्यामागे आम्ही पन्नास-साठ माणसे, अशी ती यात्रा रस्त्याच्या डाव्या कडेने चालली असता मागून एक खाजगी मोटार आली. तिने भोंगा वाजविला, पुन्हा वाजविला, आणि समोरून टँकर येत आहे असे दिसताच त्याच्या आधी पुढे निसटण्याच्या घाईने ती आमच्या उजव्या बाजूने पुढे काढून, तिरडी आणि मडके यांच्यामध्ये जे दहा-बारा हातांचे अंतर होते, त्यात आणून घातली. मडके धरणारा आणि प्रेत यांच्यामध्ये कोणी येऊ नये, हा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असलेला संकेत आहे. खांदेकरी दचकून थबकले, तिरडी एका अंगास कलली, आणि तो पन्नाशीचा मुलगा हातातले मडके सावरीत, पुढे जावे की थांबावे हे न कळून, त्या मोटारीच्या पलीकडे रस्त्यात एकटा उभा राहिला.

समोरून आलेला टँकर मात्र थांबला. त्याच्या चालकाने इंजिन बंद केले, तो खाली उतरला, पायांतल्या चपला त्याने काढून ठेवल्या आणि हात जोडून तो रस्त्याच्या कडेस उभा राहिला. तो आमच्या गावचा नव्हता, भाषेनेही आमचा नव्हता; त्या बाईचे नावही त्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही पुढे गेलो तेव्हा त्याच्या गाडीमागे चार-पाच वाहने खोळंबली होती, आणि आश्चर्य असे की त्यांतल्या एकानेही भोंगा वाजविला नाही.

मोटारवाल्यास दोष द्यावा म्हणून मी हे लिहिलेले नाही. त्याच्याही घरी कोणी अत्यवस्थ असेल, कोठे वेळेवर पोहोचणे त्यास प्राप्त असेल. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही: वाहन चालविण्याचा परवाना देताना ज्या सरकारने त्यास वळणाची, उताराची, शाळेची, रेल्वे फाटकाची चिन्हे ओळखावयास लावली, त्या सरकारने अंत्ययात्रा समोर आली असता काय करावे हे त्यास कधी सांगितले होते काय?

आमच्या रस्त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. १९५४ साली स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा (पुढे एस्सोचा) आणि १९५५ साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना या तुर्भे-माहुलच्या पट्ट्यात उभा राहिला. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर तेच हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. माझे आणि या कारखान्यांचे वय जवळपास सारखेच आहे, आणि त्यांच्यावर माझा राग नाही. आमच्या गावच्या कित्येक घरांतल्या चुली त्यांच्या पगारावर पेटल्या आहेत. परंतु कारखान्यांबरोबर टँकर आले, टाक्यांची आगरे आली, आणि खाजणाच्या कडेने गेलेली गावची वाट ही तेलाची वाट झाली. मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांची अंत्ययात्रा पाहिली ती याच वाटेवर. अर्ध्या वाटेत एक झाड होते, आणि झाडाखाली विसाव्याची जागा होती. तेथे तिरडी क्षणभर भुईवर टेकवीत; पुढचे खांदेकरी मागे जात, मागचे पुढे येत; जो मनुष्य जन्मभर थकला त्यास शेवटच्या वाटेवर एकदा विसावा मिळावा, आणि ज्यांच्या खांद्यावर तो आहे त्यांनाही मिळावा, असा त्या रिवाजाचा मी लावलेला अर्थ आहे. शास्त्र काय सांगते ते शास्त्री जाणोत. ते झाड आता नाही, आणि त्याची जागा डांबराखाली गेली आहे. आज विसावा द्यावयाचा तर धावत्या रस्त्यावरच द्यावा लागतो; म्हणून आम्ही तो चालता चालता देतो, म्हणजे देतच नाही.

हा मामला केवळ गावठाणाचा आहे असेही नाही. आमच्या शेजारीच प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या ७२ इमारतींची वसाहत आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे तुटल्यावर २०१७ पासून हजारो माणसे तेथे आणून ठेवण्यात आली. इथली हवा त्यांना मानवत नाही म्हणून त्यांनी विद्याविहारला महिनोन्महिने धरणे धरले, आणि कोणासही माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही असे मुंबई उच्च न्यायालयास एप्रिल २०१९ मध्ये म्हणावे लागले. या वसाहतीतल्या अंत्ययात्रांना मी अनेकदा गेलो आहे. जुन्या वस्तीत ज्यांनी खांदा दिला असता ते शेजारी शहरभर विखुरलेले, भावबंद दूर, येथे खांदा देणारा पुष्कळदा चार महिन्यांपूर्वीच ओळख झालेला मनुष्य असतो. ज्यांचे घर गेले, शेजार गेला, त्यांच्या मयतास निदान रस्त्याने तरी परके मानू नये, असे मला फार वाटते.

आता कायद्याकडे वळतो. आपणांस तो मजपेक्षा अधिक ठाऊक आहे, परंतु वाचकांसाठी सांगणे भाग आहे. रुग्णवाहिकेस वा अग्निशामक गाडीस वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड आहे, आणि तो असावा. जगू शकणाऱ्याचा हक्क गेलेल्याच्या हक्काआधी येतो, हे आमच्यातला शोकाकुल मनुष्यही मान्य करील. १९८९ च्या रस्त्यावरील वर्तनाच्या नियमांत मिरवणुकीजवळून जाताना ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग नसावा असे बंधन होते. त्या नियमांची जागा २०१७ साली नव्या विनियमांनी घेतली. १८६० च्या दंड संहितेत २९७ वे कलम होते, तेच आता भारतीय न्याय संहितेत ३०१ वे झाले आहे: अंत्यसंस्कारासाठी जमलेल्या माणसांस भावना दुखविण्याच्या हेतूने उपद्रव देणाऱ्यास ते एक वर्षापर्यंत कैद सांगते. परंतु आमच्या मोटारवाल्याचा हेतू मुळीच तसा नव्हता. त्याच्या मनात आम्ही नव्हतोच, आणि जे मनात नाही त्याचा हेतू कसा सिद्ध व्हावा? उलट आपल्याच खात्याची एक गोष्ट मला नेहमी हृद्य वाटत आली आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली पाच वा अधिक माणसांच्या जमावास मनाई करणारे जे हुकूम मुंबई पोलीस वेळोवेळी काढतात, त्यांत विवाहांबरोबरच स्मशानाकडे आणि दफनभूमीकडे जाणाऱ्या अंत्ययात्रांना मुभा दिलेली असते. शहरात कितीही तणाव असो, मृतास वाट आहे, हे सरकारने लेखी कबूल केलेले आहे. ती वाट कोणत्या रीतीने मोकळी व्हावी, एवढेच लिहावयाचे राहिले आहे.

या शहरास थांबता येत नाही असे कोण म्हणेल? १९२० च्या ऑगस्टात लोकमान्यांचा देह गिरगाव चौपाटीवर नेला तेव्हा ते थांबले. ७ डिसेंबर १९५६ रोजी राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत लोटलेल्या जनसागरापुढे ते थांबले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या वेळी ते पुन्हा थांबले. थोरांसाठी थांबण्यास बंदोबस्त लागतो, आणि आपले शिपाई तो चोख ठेवतात. मासळी विकणाऱ्या बाईसाठी बंदोबस्त नको. एका वाहनाने एक मिनिट थांबावे एवढेच हवे. मी घड्याळ लावून पाहिले आहे: पन्नास-साठ माणसांची यात्रा थांबलेल्या वाहनावरून पुढे जाण्यास एका मिनिटाच्या वर वेळ घेत नाही.

रीत म्हणून हे आम्हास नवे नाही. तिरडी जाताना दुकानदाराने उठून उभे राहावे, वाटसरूने चपला काढाव्या, परक्यानेही चार पावले बरोबर चालावे, जनाजा जात असेल तर टोपीवाल्याने आणि पागोटेवाल्याने सारख्याच अदबीने बाजूस व्हावे, हे या मुंबईत मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. आयर्लंडमध्ये शवयान जाताना पादचारी अजूनही जागीच उभे राहतात. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तर अंत्ययात्रेच्या वाहनांस चौकातून आधी जाण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे, आणि तिकडच्या दक्षिणेकडील लहान गावांत समोरून येणारा मनुष्य मोटार कडेस घेऊन उभी करतो. पायी चालणाऱ्या माणसाची अदब आमच्याकडेही शाबूत आहे. तो वाहनात बसला की ती सुटते. काचेच्या आत बसलेल्यास बाहेरचा मनुष्य अडथळा दिसू लागतो, आणि त्या अडथळ्याच्या खांद्यावर काय आहे हे त्याच्या दृष्टीस पडत नाही.

मग प्रत्येक वाहनाने प्रत्येक वेळी थांबावे काय? नाही, असेच माझे उत्तर आहे. पूर्व मुक्त मार्गावर वा द्रुतगती महामार्गावर कोणी आदराने एकाएकी थांबला तर मागून येणाऱ्याचीच अंत्ययात्रा काढावी लागेल. तेथे वेग उतरवावा, शववाहिकेमागची रांग तोडू नये, भोंगा वाजवू नये, इतके पुरे. परंतु माहुल रोडसारख्या, एक वाहन येणारे आणि एक जाणारे एवढ्याच रुंदीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याने कडेस थांबावे, आणि मागून येणाऱ्याने माणसाच्या चालीने मागे राहून, यात्रेतल्या कोणी हाताने खूण केल्यावरच हळू पुढे जावे. तिरडी आणि मडके यांच्यामध्ये वाहन घालू नये. हे सर्व एका परिपत्रकाच्या अर्ध्या पानात मावते. त्यासाठी नवा दंड मी मागत नाही; दंडाच्या भयाने जोडलेले हात पाहून कोणत्या मुलाचे समाधान होणार आहे? विनाकारण भोंगा वाजविण्यास पहिल्या खेपेस १,००० रुपये दंड आजही आहे, त्याची अंमलबजावणी स्मशानाच्या रस्त्यांवर व्हावी. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरांचे शांतता क्षेत्र कायद्याने सांगितले आहे. चेंबूरच्या चरई स्मशानभूमीसमोर आणि शहरातील इतर स्मशानांसमोर आपण निदान तशी पाटी लावण्याची तजवीज करू शकाल.

आमच्या बाजूच्या कसुरींविषयी मी मौन पाळणार नाही. एखाद्या स्थानिक पुढाऱ्याच्या अंत्ययात्रेत मोटारसायकलींचे ताफे रस्त्याच्या दोन्ही बाजू अडवितात, दुकाने दमदाटीने बंद करवितात, फटाके वाजवितात. तेथे शोक किती आणि बळाचे प्रदर्शन किती, हे प्रेक्षकास कळते, आणि त्याचा राग पुढे गरिबाच्या तिरडीवर निघतो. यात्रेने रस्त्याची डावी कड सोडू नये, दोन माणसांनी पुढे-मागे राहून वाहनांस खूण करावी, रुग्णवाहिकेचा आवाज येताच सर्वांनी, खांदेकऱ्यांसकट, बाजूस व्हावे, हेही त्याच परिपत्रकात लिहावे. आमच्या गावात ते वाचून दाखविण्याची जबाबदारी मी घेतो.

मे २०२० मध्ये, साथीच्या भर काळात, वांद्र्याच्या दफनभूमीचा वाद निकालात काढताना सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाच्या कक्षेतील हक्क असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. त्या दिवसांत अंत्यविधीस वीसच माणसांची परवानगी होती आणि कित्येकांस आपल्या माणसाला खांदाही देता आला नाही. माझ्या थोरल्या भावास मी देऊ शकलो नाही. तेव्हापासून गावात कोणाची तिरडी उचलली गेली की मी जातो, आणि गुडघे साथ देतील तेवढा वेळ खांदा देतो.

महोदय, आपल्याकडील एखादा अधिकारी माहुल रोडवर पाठविलात तर विसाव्याच्या झाडाची जागा मी त्यास दाखवीन. तेथे फलक लावावा, की रस्त्याच्या कडेस तिरडी टेकण्यापुरता, सात-आठ हातांचा पांढरा पट्टा आखावा, हे त्याने ठरवावे. सकाळी दहाच्या आत यावे. त्यानंतर टँकरांची रांग लागते आणि ती जागा दिसत नाही.

कळावे.

आपला नम्र,
माहुल गावठाणातील एक रहिवासी