गावाच्या वतीने नको, लेकरांच्या वतीने बोला

दहावीचा निकाल लागला की नगरच्या कापड बाजारात आई-वडिलांबरोबर खरेदीला आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले दिसू लागतात. मुलगी हँगरवरचा क्रॉप टॉप काढून बघते. आई काही न बोलता तो परत अडकवते आणि गुडघ्याखाली येणारा कुर्ता पुढे करते. मुलाला गुडघ्यावर फाटलेली जीन्स हवी असते आणि वडील दुकानदारासमोरच विचारतात, 'फाटकीच घालायची तर घरात जुन्या काय कमी आहेत?' असे वाद घरोघरी होतात आणि त्यात काही बिघडत नाही. या वयात मूल आपण कोण आहोत हे चाचपून बघत असते. कपडे, केस, बूट ही त्यासाठी त्याच्या हाती असलेली साधने. चुकले तर महिन्याभरात बदलता येतात. बिघडते ते पुढच्या वाक्याने. 'आपल्याला गावात राहायचंय', 'लोक काय म्हणतील' हे वाक्य आले की बोलणारे आई-वडील राहत नाहीत, त्यांच्या तोंडून गाव बोलू लागते. कपड्यांबद्दल आई-वडिलांनी मत जरूर द्यावे, वेळप्रसंगी नियमही करावेत. मात्र गावाचे वकीलपत्र घेऊन ते करू नये, कारण त्यापायी घर जे गमावते ते कपड्यांच्या मानाने फार मोठे आहे.

गाव ज्याला सभ्य म्हणते ते दर पिढीला बदलत आले आहे. 1888 मध्ये 'सुधारक' सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांना 'स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत' असा निबंध लिहावा लागला. आज त्यात वादाचे काय होते हेच कळत नाही. पण तेव्हा एवढ्याशा बदलासाठीही जाहीर भांडावे लागत होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या दलित स्त्रियांना सांगितले, की लुगडे नेसण्याची ही रीत आणि हे ठरावीक दागिने तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहेत, ते सोडा. त्या बायकांनी लुगडे नेसण्याची रीत बदलली. गावाने ठरवून दिलेल्या पोशाखात कुणाची पायरी कुठली याचाही हिशेब असतो, हे त्यांना कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती. पुढे नऊवारीची पाचवारी झाली. मग पंजाबी ड्रेस आला, तेव्हा खेड्यातल्या सुनांना तो घालण्यासाठी सासूची परवानगी काढावी लागे. त्याच ड्रेसची ओढणी आज मुलींना संस्कृती म्हणून नीट घ्यायला सांगितली जाते. सांगणाऱ्यांत त्या वेळी परवानगी मागणाऱ्या सुनाही आहेत, याचे वाईट वाटते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा असतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. नगर जिल्ह्यातल्या आई-वडिलांना तर अजिबात नाही. 13 जुलै 2016 रोजी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. त्या घटनेनंतर राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले आणि असंख्य घरांत मुलीच्या जाण्यायेण्यावरची नजर कडक झाली. भीती खरी आहे, तिच्यावर शोधलेला उपाय मात्र चुकीचा आहे. ती मुलगी तिच्या स्वतःच्या गावात होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वर्षानुवर्षांचे अहवाल सांगतात, की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, कामाच्या ठिकाणचा कुणीतरी. जो माणूस मुलीला लहानपणापासून ओळखतो त्याला तिच्या कुर्त्याची लांबी अडवत नाही. त्याला अडवते ती एकच गोष्ट: ही मुलगी घरी सांगेल आणि घरचे तिचे ऐकतील, ही त्याची खात्री.

कपड्यांवरून रोज ऐकून घेणाऱ्या मुलीच्या बाबतीत नेमकी हीच खात्री ढासळते. जामखेड, पाथर्डी किंवा कर्जतच्या खेड्यातून तालुक्याच्या गावी एसटीने शिकायला जाणाऱ्या मुलीचा विचार करा. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावाने राज्य सरकारने ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास दिला आहे. तो पास आहे म्हणून ती शाळेत पोहोचते. एखाद्या दिवशी स्टँडवर कुणी मागे लागतो, गर्दीत कुणी अंगाला हात लावतो. घरी सांगावे की नाही, याचा हिशेब ती मनात करते. सांगितले तर आई आधी काय विचारेल? 'तू काय घातलं होतंस?' आणि वडील काय म्हणतील? 'उद्यापासून जायचं बंद.' कपड्यांच्या प्रत्येक भांडणातून तिला हेच उत्तर आधी पाठ झालेले असते. मग ती गप्प राहते. त्रास देणाऱ्याला हेच हवे असते. 'जायचं बंद' याच्या पुढची पायरीही आपल्याला ठाऊक आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. शाळा सुटलेल्या मुलीसाठी स्थळ बघायला फार दिवस लागत नाहीत. कपड्यांवरून सुरू झालेले भांडण इथपर्यंत पोहोचू शकते, म्हणून ते किरकोळ मानता येत नाही.

मुलांचे दुखणे वेगळे आहे. साइडला झिरो मशीन, भुवईत रेघ, कानात बाळी दिसली की वडिलांना लगेच टपोरीपणा दिसतो आणि चारचौघांत अपमान होतो. अपमान झालेला मुलगा केस कापतो, पण घरात बसत नाही. त्याला जसा आहे तसा मान देणारे टोळके तो बाहेर शोधतो. तो टपोरी होईल या धास्तीने वडील ज्याला घराबाहेर ढकलतात, तो जाऊन बसतो तिथेच. शिवाय एकाच घरात मुलाने हाफ पँट घालून गावभर फिरावे आणि बहिणीने दारात यायला ओढणी शोधावी, हा नियम कुठल्याही मुलीला न्यायाचा वाटणार नाही. नियम असेल तर दोघांना असावा.

मग मुलांना काहीच बोलायचे नाही का? बोलायचे, आणि कारण सांगून बोलायचे. डिसेंबर 2020 मध्ये शिर्डीत साईबाबा संस्थानने भाविकांना सभ्य पोशाखात येण्याचे फलक लावले तेव्हा मोठा वाद झाला. संस्थानने ही सक्ती नसून विनंती असल्याचे सांगितले. ती विनंती पटो न पटो, जागेचा आणि प्रसंगाचा मान राखा असे घरातही मुलांना सांगता येते. दहाव्याला जाताना काय घालावे आणि मित्राच्या वाढदिवसाला काय, हा फरक पोरांना समजतो. पैशाचे तर स्पष्टच सांगावे. कांद्याला भाव मिळाला नसेल त्या वर्षी ब्रँडेड बूट येणार नाहीत, यात लाज कसली? हिशेब मांडून दाखवला की पोरे रुसतात आणि समजूनही घेतात. रीलवर टाकलेला फोटो आपल्या हातात राहत नाही, हेही सांगायलाच हवे. या प्रत्येक बोलण्यामागे मुलाच्या भल्याचे एक कारण आहे, जे त्याला उलट तपासता येते. 'लोक काय म्हणतील' याला असे कारण नसते.

राहिला गावात राहण्याचा प्रश्न. गावाशी कोण वैर घेणार, हे म्हणणे खोटे नाही. एकट्या घराला ते जड जाते. पण गावही हलते. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड. बायकांनी काय घालावे, कुठे जावे यावर ठराव करणाऱ्या पंचायती देशात कमी नाहीत; सौंदाळ्याने पुरुषांच्या जिभेला शिस्त लावायचे ठरवले. पारावर बसून पोरींच्या कपड्यांची चर्चा करणाऱ्यांनाही गावाने असेच थांबवले पाहिजे आणि त्याची मागणी मुलींच्या बापांनीच ग्रामसभेत उभे राहून केली पाहिजे.

तोवर प्रत्येक आई-वडिलांनी एवढे तरी करावे. कपडे आवडले नाहीत तर तसे सांगा, परवडत नसतील तर नाही म्हणा. आणि त्याच दिवशी मुलीला जवळ बसवून हेही सांगा, की वाटेत कधी काही झाले तर तू काय घातले होतेस हे या घरात कुणी विचारणार नाही आणि तुझी शाळा बंद होणार नाही. मुलालाही सांगा, की कुणा मुलीच्या मागे लागायचे नाही, कारण स्टँडवर उभा असलेला तो मुलगाही कुणाच्या तरी घरातलाच आहे.