विश्लेषण : विमानात बाळ मांडीवर घ्यावे की त्याला स्वतंत्र आसन? खरा धोका कुठे?

विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या केरळपासून पश्चिम बंगालपर्यंत विखुरलेली आहेत. जत्रेला किंवा बारशाला गावी येताना एके काळी रेल्वेच्या दोन बर्थच्या मधे साडीची झोळी बांधून बाळ निजवले जायचे. आता तीच कुटुंबे कोल्हापूर, बेळगाव किंवा पुण्याच्या विमानाने येतात. दुसरीकडे सातारा, कराड, सांगलीची मुले-मुली दुबईत आणि कॅलिफोर्नियात नोकरी करतात आणि सहा-आठ महिन्यांचे नातवंड आजी-आजोबांना दाखवायला १५-१६ तासांचा प्रवास करून आणतात. झोळी गेली, पण बाळ अजूनही मांडीवरच आहे.

मांडीवरचे तिकीट म्हणजे काय?

दोन वर्षांखालील बाळाला स्वतंत्र आसन घेण्याची सक्ती नाही. देशांतर्गत विमानात ठरावीक शुल्क आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के, एवढ्यात काम भागते. एका प्रौढामागे मांडीवर एकच बाळ नेता येते. जाताना २३ महिन्यांचे असलेले बाळ परतीच्या तारखेला दोन वर्षांचे झालेले असेल, तर परतीला त्याचे स्वतंत्र आसन घ्यावे लागते. तिकीट काढतानाच हे पाहिलेले बरे, विमानतळावर हा हिशेब महागात पडतो.

बाळाला आईच्या पट्ट्यात अडकवलेला एक छोटा पट्टा मिळतो. भारतात आणि युरोपात तो सर्रास वापरला जातो. अमेरिकेत मात्र उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी त्याला परवानगीच नाही, कारण जोराचा धक्का बसला तर मोठ्या माणसाचे शरीर पुढे झुकते आणि मधे बाळ चेपले जाते. एकाच वस्तूबद्दल दोन खंडांतील नियामकांचे मत इतके वेगळे असेल, तर ‘पट्टा दिलाय, म्हणजे बाळ सुरक्षित’ हा समज तपासून पाहायला हवा.

१९८९ मध्ये काय घडले?

१९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचे शेपटीकडील इंजिन फुटले आणि नियंत्रणाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. वैमानिकांनी विमान कसेबसे आयोवातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमानात २९६ जण होते, त्यांपैकी १८४ वाचले. चार मुले मांडीवरची होती. मुख्य हवाई सेविका जॅन ब्राऊन यांनी तेव्हाच्या नियमावलीप्रमाणे आईवडिलांना बाळे पायाशी जमिनीवर ठेवून धरायला सांगितले. त्यांतील एक दगावले. ब्राऊन यांनी पुढची अनेक वर्षे बाळांना स्वतंत्र आसन सक्तीचे करावे म्हणून पाठपुरावा केला. अपघात तपास यंत्रणेनेही तशी शिफारस केली.

सक्ती आजही झालेली नाही. अमेरिकी हवाई नियामकाचा युक्तिवाद असा : आसन विकत घ्यायला लावले तर काही कुटुंबे खर्चापायी मोटारीने जातील आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त मुले दगावतील. हाच नियामक पालकांना सल्ला मात्र देतो की, बाळाची सर्वांत सुरक्षित जागा मांडी नव्हे, तर स्वतंत्र आसनावर बांधलेली मान्यताप्राप्त कार सीट आहे.

हा युक्तिवाद सातारा-सांगलीला लागू पडतो का?

अर्धाच. कारण इथल्या कुटुंबाला रस्ता की विमान असा पर्याय नसतो, दोन्ही करावे लागतात. दोन्ही जिल्ह्यांत प्रवासी विमानतळ नाही. कराडला धावपट्टी आहे, सांगलीजवळच्या कवलापूरची मागणी जुनी आहे, पण अमेरिकेचे विमान पकडायचे तर मुंबईच. साताऱ्याहून सुमारे २५० किलोमीटर, सांगलीहून पावणेचारशेच्या आसपास. बहुतेकदा रात्रीचा प्रवास, खंबाटकी घाट, रुंदीकरणाची वळणे, झोपेला आलेला चालक आणि पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ. संपूर्ण प्रवासातला सर्वांत धोकादायक टप्पा विमानात बसण्याआधीच पार पडलेला असतो आणि त्याची चर्चा कोणीच करत नाही.

साधे गणित पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी धडकून एका दशांश सेकंदात थांबली, तर आठ किलोचे बाळ सुमारे १३५ किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. ‘मी घट्ट धरलंय’ म्हणणाऱ्या आईच्या प्रेमात काही कमी नाही, पण एवढे वजन कोणाच्याच हातांना पेलवत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनात बसवणे बंधनकारक आहे, दंड एक हजार रुपये. हा दंड भरलेला माणूस शोधूनही सापडणे अवघड.

मग पैसे कुठे घालावेत?

बाळाच्या स्वतंत्र आसनाला अनेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण पाऊणपट पैसे घेतात. अमेरिकेच्या प्रवासात ही रक्कम थोडी नाही. परवडत असेल त्यांनी जरूर घ्यावे. परवडत नसेल त्यांनी निदान विमानात वापरायला मान्यता असलेली कार सीट घ्यावी. ती सांगली ते मुंबई गाडीत चालते, बहुतेक कंपन्या ती सामानात मोफत नेतात आणि अमेरिकेत उतरल्यावर तिच्याशिवाय बाळाला मोटारीत बसवताच येत नाही, तिथल्या सर्व ५० राज्यांत तसा कायदा आहे. बारशाला चांदीचा वाळा तर येतोच. मामाने या वेळी कार सीट दिली तर बिघडत नाही.

विमानातला भिंतीला लावायचा पाळणा ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. पट्ट्याचा दिवा लागला की बाळ पाळण्यातून उचलावेच लागते. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान वादळी हवेत सापडले. चौकशी अहवालानुसार ते ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली आले, पट्टा नसलेले प्रवासी आधीच छताकडे उडाले होते. गाढ झोपलेले बाळ उचलायचा कंटाळा येतो तो याच क्षणी करू नये. कोल्हापूरच्या छोट्या एटीआर विमानात तर पाळण्याचा प्रश्नच नाही.

कान, औषध आणि रडणे

केबिनमधील हवेचा दाब जास्तीत जास्त २,४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही हजार मीटर उंच. निरोगी बाळाला ते सोसते. दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा हृदय-फुप्फुसाचा त्रास असलेले बाळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. उतरायला अर्धा तास उरला की अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी, गिळताना कानातला दाब सारखा होतो. बाळाचे दूध आणि पेज १०० मिलिलिटरच्या नियमातून वगळलेली असते, तपासणीत फक्त बाहेर काढून दाखवावी.

झोप यावी म्हणून सर्दीचे सिरप पाजण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकू नये. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिले आहेत.

कागदपत्रांत कुठे अडते?

नावात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखला चालतो. आपल्याकडे नोंद रुग्णालयातून लगेच होते आणि नाव बारशाला ठरते, त्यामुळे दाखल्यावर नावाचा रकाना कोरा राहतो. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क लावता येते. ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लावून घेतल्यावरच, आई-वडील दोघांच्या सहीचे प्रतिज्ञापत्र जोडून, पासपोर्टचा अर्ज भरावा.