नवख्याची सायकल आणि दानाचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही ५४५ मैलांची, सात दिवसांची सायकलयात्रा २०२५ च्या जूनमध्ये अखेरची निघाली. एड्सग्रस्तांच्या साहाय्यार्थ १९९४ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम तीन दशके चालला आणि आयोजकांच्या हिशेबानुसार त्याने तीस कोटी डॉलरांहून अधिक निधी जमविला. तो थांबविताना जी कारणे देण्यात आली, ती कोणत्याही व्यापारी पेढीला शोभावीत अशीच आहेत : खर्च वाढत गेला आणि सहभागी घटत गेले. दानाचा व्यवहारही अखेर व्यवहारच असतो, याची ही रोकडी साक्ष होय.

या यात्रेचा खरा आधारस्तंभ कसलेला सायकलपटू कधीच नव्हता. तो होता नवखा. शाळा सुटल्यापासून सायकलला हात न लावलेला कारकून, शिक्षिका किंवा परिचारिका नाव नोंदवून मोकळी होई आणि त्यानंतर आपण काय पत्करले आहे याचा बोध तिला होई. किमान तीन हजार डॉलर जमविण्याची अट होती. पण पैशांहून अवघड होती ती सायकल. रस्त्यावरच्या शर्यती सायकलीचे पायटे बुटांना अडकविणारे असतात. थांबण्यापूर्वी टाच बाहेर वळवून पाऊल सोडवावे लागते. हे विसरलेला नवशिक्या सिग्नलपाशी, वेग शून्य असताना, चारचौघांदेखत आडवा होतो. जड गिअर दाबून जोर लावणे म्हणजे सामर्थ्य, ही त्याची दुसरी समजूत. गुडघे दुखू लागल्यावर त्याला कळते की, हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे मारणाराच संध्याकाळपर्यंत टिकतो. तिसरा धडा पोटाचा. स्नायूंत व यकृतात साठलेली शर्करा दीड-दोन तासांच्या नेटाच्या श्रमांत सरते. म्हणून भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे लागते. ज्याने हे ऐकले नाही, तो चाळिसाव्या मैलावर अकस्मात हतबल होऊन रस्त्याच्या कडेला बसतो. बैठकीच्या व्यथांविषयी येथे न लिहिलेलेच बरे.

हे सारे शिकविण्यासाठी स्वयंसेवक मार्गदर्शक असत. यात्रेच्या कित्येक महिने आधीपासून ते आठवडाअखेरीस सरावफेऱ्या काढीत. वीस मैलांपासून आरंभ होई आणि वसंतापर्यंत शंभर मैलांचा पल्ला गाठला जाई. एकामागून एक अशा एकेरी रांगेत चालावे, पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवू नये, ओलांडताना ओरडून सांगावे, थांबताना हाताने खूण करावी, हे नियम कडक होते. ही शर्यत नव्हे, असे बजावले जाई. दमलेल्याला उचलून मुक्कामी नेणाऱ्या गाड्याही मागे असत.

आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी साहजिकच विचारील की, हा खटाटोप कशासाठी? सहा महिन्यांच्या शनिवार-रविवारी या माणसाने जादा काम केले असते आणि ती मजुरी रुग्णांना दिली असती, तर? सायकल, शिरस्त्राण, बूट यांचा खर्चही वाचला असता. आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक गफलत आहे. नवखा आपले पैसे देत नसून इतरांचे खिसे उघडीत असतो. ख्रिस्तोफर ऑलिव्होला व एल्दार शफीर या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, निधीसंकलनात कष्ट व वेदना असतील, तर सुखासीन सहलीपेक्षा लोक अधिक द्यावयास तयार होतात. पायी वारीस निघालेल्यास 'एस.टी.ने का गेला नाहीस' असे आपल्याकडे कोणी विचारीत नाही. वारकरी अर्थात निधी जमवीत नाही. पण सोसण्याला मोल आहे, ही जाणीव दोहोंकडे एकच. आणि म्हणूनच नवख्याची पत कसलेल्या सायकलपटूपेक्षा मोठी. जो दर रविवारी सहज शंभर मैल जातो, त्याच्या पाचशे मैलांचे शेजाऱ्याला काय कौतुक?

ही पत मात्र स्वस्तात मिळत नाही. दोन-अडीच हजार माणसांचे तंबू, स्वयंपाक, मालट्रक, डॉक्टर, पोलिसांची परवानगी या सर्वांना पैसे पडतात. २००२ मध्ये लाभार्थी संस्थांनी मूळच्या खासगी आयोजकाला सोडून यात्रा स्वतः चालविण्यास घेतली, ती खर्चाच्या प्रमाणावरूनच. मॅसॅच्युसेट्समधील कर्करोग-संशोधनासाठीची 'पॅन-मास' सायकलयात्रा १९८० मध्ये ३६ जणांनिशी सुरू झाली. तिच्या एकूण निधीने आता एक अब्ज डॉलरांचा टप्पा ओलांडला आहे. स्वारांनी जमविलेला प्रत्येक डॉलर रुग्णालयास जातो, असे ती अभिमानाने सांगते. अभिमान रास्त आहे, परंतु खर्च नाहीसा झालेला नाही. तो नोंदणीशुल्क व प्रायोजक यांच्याकडून वसूल होतो, इतकेच. शंभर टक्क्यांची ही घोषणा ऐकून चाळीस टक्के खर्च करणाऱ्यास लुटारू ठरविणे, हा हिशेबाचा अडाणीपणा होय. एक लाख जमवून त्यातले दहा हजार खर्च करणारा आणि दहा लाख जमवून चार लाख खर्च करणारा, यांपैकी रुग्णाच्या हाती अधिक कोण देतो, हे शाळकरी मुलासही सांगता येईल. मात्र दुसऱ्याचा खर्च वर्षागणिक चढू लागला आणि निधी उतरू लागला की हाच युक्तिवाद उलटतो. कॅलिफोर्नियात नेमके तेच घडले.

त्यामागे एक सुखद कारणही असावे. १९९४ मध्ये पंचवीस ते चव्वेचाळीस वयाच्या अमेरिकनांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण एड्स हे होते. १९९६ पासून संयुक्त औषधयोजना आली आणि रोग आटोक्यात ठेवता येऊ लागला. स्मशानाची घाई ओसरली, तशी देणाऱ्याची घाईही ओसरली असल्यास नवल नाही. औषधे मात्र जन्मभर घ्यावी लागतात.

आपल्याकडे सायकलीची जागा धावण्याने घेतली आहे. २००४ पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावपटू सेवाभावी संस्थांसाठी पैसे उभे करतात आणि त्यांतही नवखे पुष्कळ असतात. त्यांच्या आप्तेष्टांपुढे वर्गणीचा कागद येतो तेव्हा त्यावर तीन आकडे छापलेले असावेत : गेल्या वर्षी किती जमले, किती खर्च झाले आणि तो खर्च कोणी सोसला. ते मागण्याचे काम पहिल्यांदाच धावणाऱ्याने करावे. कारण लोक पैसे देतात ते त्याच्या दमछाकीकडे पाहून.