दवाखान्याची प्रतवारी कोण करणार?



खरेदी केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, धागा ओढून पाहतो, ओलावा किती, कवडी किती ते सांगतो आणि भाव पाडतो. पावसात सापडलेली ज्वारी काळी पडली म्हणून बाजारातून परत येते. आमच्या मालाची प्रत ठरवताना कोणी दया करीत नाही. त्याच कापसाचे पैसे गाठीला बांधून आम्ही बाळंतिणीला दवाखान्यात नेतो. तिथली प्रत कोणती, हे मात्र विचारायची सोय नाही.

दवाखान्यांवर नियम हवेत असे म्हटले की आमच्याच काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. लायसन-परमिटने आणि इन्स्पेक्टरांनी शेतकऱ्याला किती नाडले, हे त्यांना ठाऊक आहे. शंका रास्त आहे. पण कापूस घेणारा माल हातात घेऊन पारखतो. भूल दिलेला रोगी काय पारखणार?

कायदा नवा नाही. खासगी दवाखान्यांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे, असे त्यातच लिहिले आहे. जानेवारी २०२१ च्या नियमांनी त्यात दरपत्रक, रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारण कक्ष यांची भर घातली. हे पाहायला आम्ही पाचसहा जण तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या पोराने विचारले, "पेशंट कोण?" पेशंट कोणीच नाही म्हटल्यावर तो गोंधळला. शेवटी दरपत्रक निघाले कपाटामागून, भिंतीकडे तोंड केलेले. डॉक्टर माणूस भला. म्हणाले, "तपासणी असली की लावतो."

सरकारी दवाखान्यांना तर हा नोंदणीचा कायदा लागूच नाही. त्यांच्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत, २०१५ पासून स्वच्छतेचा 'कायाकल्प' पुरस्कार आहे. शंभरात सत्तर गुण मिळाले की पाटी लागते. उरलेल्या तिसात काय गेले, ते पाटीवर नसते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा लेकरे गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे हुकूम सुटले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. अकरा रोगी गेले. मधल्या दहा महिन्यांत कागद किती फिरले असतील!

म्हणून आम्ही आणखी इन्स्पेक्टर मागत नाही. एक इन्स्पेक्टर वाढला की एक पाकीट वाढते, हा आमचा जुना अनुभव. आमची मागणी एवढीच की तपासणीचा कागद फायलीत न जाता भिंतीवर यावा. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत, आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो दाखला दारात लावायला खिळ्याखेरीज खर्च नाही. प्रसूतीचा, सिझरचा दर त्याच्या शेजारी लागू द्या. गुणवत्तेची पाटी लावणाऱ्या सरकारी रुग्णालयाने विभागवार गुणही लावावेत.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने पाच दवाखाने पाहून यावे. त्यातला एक सरकारी असावा. नोंदणी, दरपत्रक, आगीचा दाखला यांपैकी भिंतीवर काय होते आणि काय नव्हते, ते तारखेसह लिहून आणा. कोणाशी हुज्जत घालू नका. आत रोगी झोपलेले असतात.