स्वयंपाकघराची खतावणी

व्यापारी घरात उधारीची एक पैही वहीत चढल्यावाचून राहत नाही. रोजमेळ, खतावणी, मालसाठ्याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जाते. त्याच घरातील कैरीच्या छुंद्याचे किंवा पापडाच्या पिठाचे प्रमाण मात्र आजीच्या हातातच राहते. मुनीम सोडून गेला तरी वहीवरून व्यवहार पुन्हा मांडता येतो. आजीबरोबर गेलेला पदार्थ कोणत्या वहीत शोधायचा?

पाककृती लिहून ठेवणे जैन परंपरेला परके नाही. दुसऱ्या चावुंडरायाने इ. स. १०२५ च्या सुमारास रचलेल्या ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथात पाकशास्त्राला स्थान आहे. पुढे १५०८ मध्ये तिसऱ्या मंगरसाने शाकाहारी पाकक्रियेवर ‘सूपशास्त्र’ लिहिले. मंगरस जैन होता. मराठीत कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि घरोघरी पोहोचली. परंतु छापील पुस्तक सर्वांसाठी असते. एका घराची विशिष्ट चव त्या घरानेच नोंदवावी लागते.

हे काम संगणकाकडे सोपविण्याची कल्पनाही जुनी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ एका नामांकित दुकानाच्या सूचीत १०,६०० डॉलर किमतीला झळकला. त्याच्याशी संवाद साधायचा तो खटके आणि दिवे यांच्या सांकेतिक भाषेत. त्यासाठी गृहिणीला प्रशिक्षण देण्याचीही सोय किमतीत होती. त्याचा एकही नग विकला गेल्याचे ज्ञात नाही. स्वयंपाक करणारीला काय हवे, याचा विचारच त्या यंत्रामागे नव्हता.

आज घरातील एखादी महाविद्यालयीन मुलगी सुट्टीत याहून उपयुक्त प्रोग्राम तयार करू शकते. त्याची रचना व्यापाऱ्याला अनोळखी वाटणार नाही. एक तक्ता जिन्नसांचा, दुसरा पदार्थांचा आणि तिसरा या दोहोंना जोडणारा. बेसन हे नाव एकदाच लिहायचे आणि प्रत्येक पदार्थाने त्याचा हवाला द्यायचा. मग ‘आयंबिलास चालणारे’, ‘कंदमूळविरहित’, ‘चातुर्मासात वर्ज्य’ अशा खुणांनी क्षणात निवड होते. कच्चे दही आणि द्विदल एकत्र आले, तर प्रोग्राम तशी सूचना देऊ शकतो. अनेक दिगंबर घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच व पावसाळ्यात तीन दिवस पाळतात. दळणाची तारीख टाकल्यास शेवटचा दिवस आपोआप दिसेल.

खरी अडचण मापांची आहे. भारतात दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. जुन्या वह्यांत मात्र तोळा, शेर, चिपटे, मापटे आढळतात. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, पण धान्य मापण्याचा शेर वेगळा. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा तो शेर आणि चार शेरांची पायली. शिवाय एक मापटे रवा आणि एक मापटे बेसन यांचे वजन सारखे नसते. म्हणून शब्दांवरून गणित मांडण्यापेक्षा प्रत्यक्ष वजन करावे. पिठाचा डबा काट्यावर ठेवावा, आजीला नेहमीप्रमाणे मुठीने पीठ घेऊ द्यावे आणि डब्याचे वजन किती घटले ते टिपावे. तिला ‘किती घालता?’ असे विचारल्यास ‘अंदाजाने’ हेच उत्तर मिळेल. काटा मात्र आकडा सांगेल.

पाच जणांचे प्रमाण पन्नासांसाठी दहापट करणे प्रोग्रामला सोपे आहे. पण मीठ, तिखट, पाणी आणि शिजण्याचा वेळ त्याच हिशेबाने वाढत नाहीत. तेथे अनुभवी हाताचा शेरा लिहिण्यासाठी जागा ठेवावी.

आणखी एक रकाना अवश्य असावा: ‘ही कृती कोणाकडून आली?’ अनेक वंशावळींत पुरुषांचीच नावे सापडतात. सासरी आलेल्या सुनेने माहेरची चव आणली, ती घराची झाली आणि तिचे नाव तेवढे पुसले गेले. या रकान्यात ते परत येईल. वाटणीत भांडी विभागली जातात. पाककृती मात्र वाटल्याने कमी होत नाही. ती लेकीला, सुनेला आणि परदेशी स्थायिक झालेल्या नातवालाही सारखीच मिळावी. मसाला किंवा फरसाण हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनी व्यवसायाचे प्रमाण वेगळे ठेवावे. घरच्या जेवणावर मात्र कुलूप नको.

नोंद टिकवण्याचेही शास्त्र आहे. जुन्या, स्वतंत्र सांकेतिक रचनेच्या मराठी फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत दिसतो. म्हणून लेखन युनिकोडमध्येच करावे. एक प्रत घरच्या संगणकात, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे आणि एक कागदावर छापलेली असावी. पाटण, जैसलमेर, कारंजा येथील ज्ञानभांडारांत ग्रंथ टिकले ते पुनःपुन्हा नकला करून आणि निगा राखून.

कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. अनेक व्यापारी तीच लाभपंचमी मानून नव्या वहीत पहिली नोंद करतात. त्या दिवशी दुकानाच्या वहीबरोबर स्वयंपाकघराचीही खतावणी उघडावी. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीला प्रथम बसवावे आणि तिचा एक पदार्थ त्याच दिवशी पुरा लिहून घ्यावा. उरलेल्यांसाठी पुढच्या पंचमीची वाट पाहू नये.